ताण तोच, मुलं वेगळी

फळ्यावर भागाकार लिहिला की माझ्या वर्गातल्या एकाचं पोट दुखू लागतं, दुसरी म्हणते, "बाई, पहिली पायरी सांगा ना!" ताण दोघांनाही येतो. फरक असतो 'मला जमेल' या विश्वासाचा. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये हा विचार मांडला. त्यांच्या मते हा विश्वास सर्वांत जास्त वाढतो तो स्वतः मिळवलेल्या यशातून. नुसत्या शाबासकीतून तेवढा नाही.

स्वभावही पाहावा लागतो. तो मुलगा लाजरा, फळ्यापाशी यायला घाबरतो. म्हणून त्याला पाटीवर सोपं उदाहरण दिलं. जमलं. मग थोडं अवघड दिलं. आता पोट दुखलं तरी तो वही उघडतो.

पालकांनो, 'घाबरू नकोस' म्हणण्याआधी मुलाला जमेल असं एक काम देऊन बघा.