सालीला इजा झालेले फळझाड वाचवता येते



ऊस विकास विभागाचे पान म्हटले की बेणे, लागण, खोडवा आणि खते हे विषय ठरलेलेच. या खेपेस थोडे बाजूला जाऊन बांधावरच्या झाडांविषयी लिहितो. आपल्या एरंडोल भागात अंजनी-गिरणेच्या काठाला उसाच्या जोडीने कोणाकडे लिंबू, कोणाकडे मोसंबी, तर कोणाकडे आंबा, पेरू, बोराची पाच-पन्नास झाडे असतात. महाराष्ट्रात १९९० साली रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली, तेव्हापासून ही आवड जास्तच वाढली. पण ऊसतोड संपली आणि शेतांतून फिरू लागलो की दरवर्षी एकच दृश्य दिसते. दोन-तीन वर्षांचे चांगले वाढलेले झाड, आणि त्याच्या बुंध्याची साल गेलेली. कुठे शेळीने सोलली, कुठे वखराची पास लागली, कुठे उंदीर-घुशीने कुरतडली. आणि सर्वांत जास्त म्हणजे शेजारी पाचट पेटवले, त्याची धग लागली.

अशा वेळी मालक दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर रागाच्या भरात झाड उपटून टाकतो. नाही तर म्हणतो, "साहेब, झाड तर हिरवंगार आहे, काही होत नाही त्याला." हे दोन्ही बरोबर नाही. ते का, हे समजण्यासाठी आधी सालीचे काम काय ते पाहू.

झाडाची मुळे जमिनीतून पाणी घेतात, ते वर चढते ते आतल्या लाकडातून. पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे खाली उतरते ते मात्र सालीतून. साल आणि लाकूड यांच्या मधे कागदासारखा पातळ, ओलसर, चिकट थर असतो. नवी साल आणि नवे लाकूड हाच थर तयार करतो. डाळिंबाची गुटी बांधणाऱ्याला हे वेगळे सांगायला नको. फांदीची बोटभर साल गोल काढली तरी वरची पाने हिरवी राहतात, कारण पाणी चालू असते. आणि मुळ्या फुटतात त्या कापाच्या वरच्या कडेला, कारण अन्न तेथे येऊन अडते. नाशिककडचे द्राक्ष बागायतदार मणी फुगण्यासाठी मुद्दाम साल गोल काढतात, पण ती पट्टी काही मिलिमीटरचीच. ती काही आठवड्यांत भरून येते. चार बोटे रुंद जागा आपोआप भरत नाही.

म्हणून सभोवार साल गेलेले झाड लगेच वाळत नाही. दोन-चार महिने, कधी त्याहून जास्त, ते हिरवे दिसते. कित्येकदा फुलतेही भरपूर, आणि मालक खूश होतो. तोवर खाली मुळे उपाशी असतात. मुळे संपली की एखाद्या उन्हाच्या आठवड्यात झाड एकदम माना टाकते. हा मधला काळच आपल्या हातचा असतो.

पहिली गोष्ट, जखम किती आहे ते मोजा. बुंध्याच्या घेराच्या पाव भागापर्यंत साल गेली असेल तर काळजीचे कारण नाही, साफसफाई केली की झाड स्वतः भरून काढते. निम्म्यापर्यंत गेली असेल तरी बहुधा वाचते, पण त्या वर्षी फळ धरू नये. लागलेली फळे तोडून टाकावीत. पाने मात्र छाटू नका, जखम भरणारे अन्न तीच बनवतात. निम्म्याहून जास्त किंवा पूर्ण गोल गेली असेल तर खास उपाय करावा लागतो. तो पुढे सांगतो.

इजा ताजी असेल आणि सालीची पट्टी लोंबत असेल, ओली असेल, तर ती कापू नका. त्याच जागी परत दाबून बसवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने किंवा सुतळीने घट्ट बांधा. तासा-दोन तासांत केले तर पुष्कळदा जुळते. दुसऱ्या दिवशी वाळलेली पट्टी बांधून उपयोग नाही. पट्टी गळून पडली असेल तर उघड्या लाकडावर हात किंवा चाकू फिरवू नका. त्यावरचा चिकट थर जिवंत राहिला तर त्यातूनही नवी साल येऊ शकते. सावली करून जागा झाकावी.

जुनी जखम असेल तर धारदार चाकू घेऊन कडेची मेलेली, सुटलेली साल जिवंत सालीपर्यंतच काढा. नखाने खरवडले की खाली हिरवट ओले दिसेल, तेथे थांबा. आकार उभा, दोन्ही टोकांना निमुळता ठेवला की पाणी साचत नाही. नंतर बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना वेगळ्या पाच लिटर पाण्यात, आणि मग दोन्ही एकत्र. भांडे मातीचे किंवा प्लास्टिकचे घ्यावे, लोखंडाचे नको. विळ्याचे पाते बुडवून पाहावे. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, आणखी घालावा. पेस्टने जखम लवकर भरते असे नाही, बुरशी आत शिरत नाही एवढाच तिचा फायदा. डांबर आणि इंजिनचे जळके ऑईल लावण्याची आपल्याकडे फार खोड आहे. त्याने कडेचा कोवळा थर मरतो आणि जखम होती त्याहून मोठी होते. ते बंद करावे.

लिंबू-मोसंबीच्या बाबतीत आणखी एक सांगतो. जखम झाकायची म्हणून बुंध्याला मातीची भर लावू नका. या झाडांना डिंक्या रोग ओल्या मातीतूनच लागतो. उघडी जखम आणि ओली माती म्हणजे रोगाला आमंत्रण. शेणमातीचा लेप आंब्याला उन्हाळ्यात चालेल, मोसंबीला पावसाळ्यात नको.

आता पाचटाची धग. यात साल सुटत नाही, फक्त काळी पडते, त्यामुळे कोणी लक्ष देत नाही. कोवळ्या झाडाची साल पातळ, आतला थर भाजून मरतो. लगेच काही कापू नका. त्याच दिवशी झाडाला पाणी द्या आणि सगळ्या बुंध्याला चुना लावा, कारण मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर गेला की भाजलेल्या बाजूला ऊन दुसऱ्यांदा भाजते. तीन-चार आठवड्यांनी मेलेली साल खोलगट होऊन तडकते, तेव्हा नुकसान किती ते कळते. मग वरीलप्रमाणे साफ करावे.

पूर्ण गोल साल गेली असेल तर दोन मार्ग आहेत. झाड दोन वर्षांच्या आतले असेल तर माझे मत स्पष्ट आहे: मृगाचा पाऊस पडल्यावर जखमेच्या खाली तिरपा काप घेऊन झाड तोडावे. मुळे तयार असल्याने फुटवा जोरात येतो. एकच सरळ फुटवा ठेवून बाकीचे काढावेत. नवे रोप लावण्यापेक्षा हे झाड पुढे जाते. मात्र कलमाचा जोड कुठे आहे ते आधी पाहा. जखम जोडाच्या खाली असेल तर येणारा फुटवा मोसंबीचा नसून जंभेरीचा असेल, आंब्यात रायवळ, बोरात रानबोर. त्यावर पुन्हा डोळा किंवा कलम करावे लागेल. कागदी लिंबू बहुतेक बियांच्या रोपाचे असते, तेथे ही अडचण नाही. खालून फुटले तरी लिंबूच.

झाड तीन-चार वर्षांचे, फळावर येण्याच्या बेतात असेल, तर तोडायला जीव होत नाही. तेथे पूल कलम करावे. साल लाकडापासून सहज सुटते तेव्हाच हे साधते. पाऊस पडून हवा दमट झाली की करावे. तोवर जखम गोणपाटाने झाकून ठेवावी. त्याच झाडाच्या पेन्सिलएवढ्या जाड, पक्व काड्या घ्या, पाने काढून टाका. जखमेच्या उंचीपेक्षा काडी चार बोटे लांब हवी. दोन्ही टोके एका बाजूने लांब तिरपी कापा, जखमेच्या वर आणि खाली सालीला उभी चीर द्या आणि टोके त्या सालीखाली सारा, कापलेली बाजू लाकडाला टेकवून. काडीचे वरचे टोक वरच राहिले पाहिजे, उलटी लावली तर चालत नाही. काडीला किंचित बाक ठेवावा म्हणजे वाऱ्याने निसटत नाही. बारीक चुका मारून पट्टीने बांधा आणि मेणाने सांधे बंद करा. घेरात दर दोन-तीन बोटांवर एक काडी, म्हणजे लहान झाडाला दोन-तीन पुरतात. काडीवर फुटणारे डोळे खुडत राहावे. जमिनीलगतची सालच उरली नसेल तर बुंध्याशी जंभेरीची दोन रोपे लावून, ती पेन्सिलएवढी जाड झाल्यावर, त्यांचे शेंडे याच रीतीने जखमेच्या वर सालीखाली बसवता येतात. पण त्याला वर्षभर तरी लागते, म्हणून अर्धवट साल शिल्लक असलेल्या झाडालाच ते परवडते.

राहिला प्रश्न इजा होऊच न देण्याचा. हेक्टरी आठ ते दहा टन पाचट निघते. ते जाळून खोडव्याचे नुकसान होते हे या पानावर कितीदा लिहिले आहे. बांधावरची झाडेही त्यातच जातात. पाचट सरीत दाबा. झाडाच्या आळ्यात आच्छादन म्हणून टाकले तरी बुंध्यापासून वीतभर लांब ठेवा, नाही तर वाळवी आणि उंदीर त्यातच घर करतात. आळ्यात औत घालू नये, खुरप्याने निंदावे. शेळ्यांसाठी बोराट्यांचे कुंपण पुरते. आधाराच्या काठीला झाड तारेने बांधू नये. सुतळीसुद्धा इंग्रजी आठाच्या आकारात सैल बांधावी आणि दिवाळीच्या सुमारास सोडून पुन्हा बांधावी. बुंधा जाड होतो, सुतळी होत नाही, आणि ती सालीत रुतली की शेळीने केले तेच नुकसान होते. पूल कलम केलेल्यांनीही त्याच वेळी पट्ट्या सोडून सांधे जुळले की नाही ते पाहावे. एखादी काडी वाळली असेल तर त्या जागी पुढच्या पावसाळ्यात दुसरी बसवता येते. शंका असल्यास आपल्या गटाच्या शेतकी मदतनिसाला झाड दाखवावे.