धीर नको, हिशेब सांगा

२०१९ च्या उन्हाळ्यापासून चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांची शेड्यूलं घसरू लागली. आदल्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने देणी थकवली होती, तेव्हापासून फायनान्स कंपन्यांनी हात आखडला आणि गाड्यांची कर्जं अडली. त्यात एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे नवे प्रदूषण-नियम येणार म्हणून गिऱ्हाईक थांबून राहिलं. मारुतीने तर २०१९ च्या सप्टेंबरात गुरुग्राम आणि मानेसरचे कारखाने दोन दिवस बंद ठेवले. मी तेव्हा सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात मशिन शॉप सांभाळत होतो. माणसं माझ्या हाताखाली, निर्णय मात्र वरच्या मजल्यावर. अशा मधल्या जागी जे आज उभे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

मंदीत पहिला जातो तो ओव्हरटाइम. कागदावर ती बचत दिसते. पण ज्या ऑपरेटरने ओव्हरटाइम धरूनच घराचा हप्ता बांधलाय, भिशी लावलीय, गावाकडे पैसे पाठवायचे कबूल केलेत, त्याचा पगार त्याच महिन्यात कापला गेलेला असतो. मग तिसरी पाळी बंद होते आणि मग कंत्राटी पोरांना गेटवरूनच परत पाठवलं जातं.

आमच्याकडे वरून एकच निरोप असायचा: अजून काही ठरलेलं नाही, तुम्ही खाली काही बोलू नका. खाली मात्र सगळं पोचत होतं. माल नेणारा ट्रक अर्धा रिकामा जातोय हे ड्रायव्हर सांगायचा, उद्या किती पोरं नकोत हे ठेकेदाराचा माणूस सांगायचा आणि चहाच्या टपरीवर त्याची बेरीज होऊन कारखाना विकला जाणार अशी बातमी तयार व्हायची. या गप्प बसण्याची किंमत फार मोठी पडली. आधी सोडून गेले ते उत्तम सेटर, कारण त्यांना दुसरीकडे लगेच काम मिळत होतं. पुढे ऑर्डर परत आल्या तेव्हा मशिन होती, पण जॉब सेट करणारा हात नव्हता.

त्या काळात एका जुन्या ऑपरेटरने मला थांबवून सांगितलं, "साहेब, काळजी करू नका असं म्हणू नका. पगार किती होणार आणि कधी होणार, तेवढं सांगा."

मी तेच धरून चाललो आणि तुम्हीही धरा. दर सोमवारी पाळी सुरू होताना बोर्डापाशी उभं राहून महिन्याचं शेड्यूल, किती पाळ्या, पगाराची तारीख आणि ओव्हरटाइम आहे की नाही हे सांगायचं. जे ठरलेलं नाही त्याला ठरलेलं नाही म्हणायचं आणि पुन्हा कधी सांगणार तो वार द्यायचा. त्या दिवशी नवं काही नसलं तरी उभं राहायचं. कुणाची नोकरी जाणार नाही, हे वाक्य मात्र तोंडातून काढू नका. ते तुमच्या हातात नाही.

दिवाळीआधी बोनसची अफवा हमखास उठते. बोनस आदल्या आर्थिक वर्षाचा असतो आणि पात्र कामगाराला किमान ८.३३ टक्के तोट्यातही द्यावा लागतो, हे एचआरकडून लेखी घेऊन मराठीत आणि हिंदीत बोर्डावर लावा. ले-ऑफ आला तर भरपाई मूळ पगार अधिक महागाई भत्त्याच्या निम्मी मिळते, हातात येणाऱ्या रकमेच्या निम्मी नाही. हा फरक प्रत्येकाला कागदावर मांडून दाखवा, म्हणजे घरी काय सांगायचं ते त्याला कळतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे, तेव्हा नियम ताजे तपासून घ्या.

कंत्राटी पोरांना ही भरपाई बहुधा मिळतच नाही. म्हणून बातमी सगळ्यात आधी त्यांना द्यायला हवी. खोलीचं डिपॉझिट सोडवायचं असतं, लातूरचं किंवा पाटण्याचं तिकीट काढायचं असतं. ठेकेदाराने पीएफ खरंच भरलाय का, यूएएनचं केवायसी पूर्ण आहे का, हे त्यांच्याबरोबर बसून बघा. आम्ही मंदीत हे काम हौसेने केलं होतं. २८ मार्च २०२० ला, लॉकडाऊनमध्ये, तीन महिन्यांचा मूळ पगार व महागाई भत्ता किंवा खात्यातली ७५ टक्के रक्कम, यांतलं जे कमी ते पीएफमधून काढायची सोय झाली, तेव्हा ज्यांचं केवायसी झालं होतं त्यांच्या घरात पैसे पोचले.

जे कामावर राहतात त्यांच्यावर दोन-दोन मशिन येतात. ते किती दिवस, हे पहिल्याच दिवशी बोला. आणि गेलेल्यांची नावं, फोन नंबर, कोण कुठली मशिन चालवायचा, याची वही स्वतःजवळ ठेवा. कपात केलेल्या कामगाराला नव्या भरतीत आधी विचारायला कायदा सांगतो. ठेकेदाराच्या पोरांसाठी ती सक्ती नाही. शेड्यूल चढलं की त्यांनाही फोन लावा, आणि तो ठेकेदारावर न सोपवता तुम्ही स्वतः लावा.