जमिनीवर उभे राहून काचा धुणे

जत्रेच्या दिवसांत शहरात गेलेली मुले गावी येतात. असाच एक भाचा पारावर बसला आहे, असे समजा. मामा त्याला विचारतात,

"काय रे, शहरात काम काय करतोस?"

"मामा, काचा धुतो. मोठमोठ्या इमारतींच्या."

"म्हणजे शिडीवर चढतोस? अरे, तुझी आई इथे देव पाण्यात घालून बसायची!"

"नाही मामा. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या काचासुद्धा मी जमिनीवर उभा राहूनच धुतो."

"म्हाताऱ्याची थट्टा करतोस होय?"

भाचा थट्टा करत नव्हता. असे काम खरोखर होते. ते कसे होते, हे या धड्यात आपण पाहू. शहरात काम शोधायला जाणाऱ्या प्रत्येकाने हे समजून घ्यावे, असे आम्हाला वाटते. कारण यात जिवाचा प्रश्न आहे.

१. जुनी रीत

काच धुण्याची जुनी रीत सर्वांना ठाऊक आहे. बादलीत साबणाचे पाणी घ्यायचे. फडक्याने काच घासायची. मग रबराच्या पट्टीने पाणी ओढून काढायचे. या पट्टीला कामगार वायपर म्हणतात. अमेरिकेतील एत्तोरे स्तेक्कोने या कारागिराने १९३६ साली हलक्या वायपरचे पेटंट घेतले. त्या धर्तीचे वायपर आजही जगभर चालतात.

ही रीत वाईट नाही. हात पोचतो तिथे ती चांगलीच आहे. पण काच उंच असली, की शिडी लागते. आता विचार करा. एका हातात फडके, दुसऱ्या हातात वायपर. मग शिडी धरायची कोणत्या हाताने? खाली फरशी ओली. शिडी सरकली, की माणूस खाली आला. घरात कमावणारा एकच असेल, तर त्याच्याबरोबर सारे घरच खाली येते.

ब्रिटन देशातही हेच घडत होते. तिथे कामावर मरण पावणाऱ्या माणसांत उंचावरून पडून मरणारे वर्षानुवर्षे सर्वांत जास्त आहेत. म्हणून तिथे २००५ साली उंचावरच्या कामाचे नवे नियम झाले. त्यांचे सार तीन वाक्यांत सांगता येते. चढणे टाळता येत असेल, तर चढू नका. चढावेच लागले, तर पडणार नाही अशी सोय करा. तरीही पडण्याचा धोका उरत असेल, तर पडल्यावर इजा कमीत कमी होईल असे करा.

पहिले वाक्य नीट ध्यानात ठेवा. चढणे टाळता येत असेल, तर चढू नका. त्यासाठीच पाण्याचा पोल कामी येतो.

२. पोल कसा असतो?

आंबे उतरवायचा झेला तुम्ही पाहिला आहे. माणूस खाली उभा राहतो आणि फांदीवरचा आंबा काढतो. पाण्याचा पोलही तसाच. मात्र त्याच्या टोकाला जाळी नसते, ब्रश असतो. एका नळीत दुसरी नळी, दुसरीत तिसरी, असा तो पोल असतो. हवा तेवढा लांब करायचा आणि चापाने घट्ट करायचा. त्याला धरून पाण्याचा बारीक पाईप वर जातो. ब्रशच्या दांत्यांजवळ पाण्याची धार सुटते. घासणे आणि धुणे एकदमच होते.

पोल ॲल्युमिनियमचे असतात, काचतंतूचे असतात आणि कार्बनतंतूचेही असतात. कार्बनचा पोल हलका आणि ताठ असतो. उंच कामाला तो बरा पडतो. पण तो महाग असतो. त्याचा आणखी एक मोठा धोका आहे. तो आपण पुढे पाहू.

३. साधे पाणी का चालत नाही?

तुम्ही म्हणाल, पोल वर गेला, पण काच पुसायची कोणी? यातच खरी गंमत आहे. काच पुसायचीच नाही! ती आपोआप वाळू द्यायची. आणि डाग पडत नाही.

घरी एक प्रयोग करून बघा. स्वच्छ आरशावर बोअरच्या पाण्याचा एक थेंब ठेवा. शेजारी पावसाच्या पाण्याचा थेंब ठेवा. मात्र ते पाणी आभाळातून थेट स्वच्छ भांड्यात धरलेले हवे. दोन्ही थेंब वाळू द्या. बोअरच्या थेंबाच्या जागी पांढरा डाग दिसेल. पावसाच्या थेंबाचा डाग फारसा दिसणार नाही.

असे का होते? पाणी जमिनीत मुरते, तेव्हा त्यात क्षार विरघळतात. पाणी वाळून उडून जाते. क्षार मात्र मागे राहतात. आपल्या हंड्यावर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर बसतो, तो याच क्षारांचा.

म्हणून पोलसाठी क्षार काढलेले पाणी लागते. पाणी आधी साध्या फिल्टरमधून नेतात. तिथे गाळ अडतो. पुढे कोळशाचा फिल्टर असतो. तो पाण्यातले क्लोरिन काढतो. मग आर. ओ. मशीनच्या बारीक पडद्यातून पाणी दाबाने काढतात. बहुतेक क्षार तिथे अडतात. शेवटी रेझिन नावाच्या बारीक दाण्यांतून पाणी नेतात. उरलेसुरले क्षार ते दाणे धरून ठेवतात.

पाणी किती शुद्ध झाले, हे टीडीएस मीटरने कळते. फिल्टरचे पाणी विकणाऱ्यांकडे हा लहानसा मीटर तुम्ही पाहिला असेल. एक लिटर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत, याचा अंदाज तो सांगतो. पिण्याच्या पाण्यात हा आकडा ५०० पर्यंत असावा, असे भारतीय मानक सांगते. काच धुण्याच्या पाण्यात मात्र तो शून्याच्या जवळ लागतो. तो १० च्या वर गेला, की काचेवर डाग दिसू लागतात. म्हणून रोज काम सुरू करण्याआधी मीटर बघावा. आकडा वाढू लागला, की रेझिन बदलावे.

दोन गोष्टी विसरू नका. एक, टाकीतले हे पाणी पिऊ नये. साठलेल्या कोमट पाण्यात रोगजंतू वाढतात. दुसरी, आर. ओ. मशीनमधून बरेच पाणी वाया जाते. ते गटारात सोडू नये. फरशी आणि अंगण धुवायला ते वापरावे. पाण्याची किंमत आपल्याला कोणी सांगायला नको.

४. काम शिकावे लागते

पोल हातात दिला म्हणजे काम आले, असे नाही. नांगर हातात दिला म्हणून कोणी शेतकरी होतो का? हे कामही शिकावे लागते. आधी तळमजल्याच्या काचेवर हात बसवावा. मग पहिल्या मजल्यावर जावे. तो जमला, की आणखी वर.

कामाची रीत अशी आहे. घरातल्या माणसांना सांगून खिडक्या बंद करून घ्याव्यात. सर्वांत वरच्या मजल्यापासून सुरुवात करावी. नाहीतर वरची घाण खालच्या धुतलेल्या काचेवर येते. आधी चौकट घासावी. चौकटीत धूळ साठलेली असते. ती नंतर ओघळली, तर काच पुन्हा खराब होते. मग काच घासावी. शेवटी वरून खाली भरपूर पाणी सोडावे. मग हात लावू नये.

पोल दोन्ही हातांनी धरावा. पाय थोडे फाकून उभे राहावे. भिंतीला अगदी चिकटून उभे राहिले, तर मान फार मागे जाते. आंबे उतरवल्यावर मान कशी धरते, ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून थोडे मागे सरावे आणि मधून मधून विसावा घ्यावा. पोल लांब केलेला असताना इकडून तिकडे चालत जाऊ नये. आधी तो आखूड करावा. जोराचा वारा सुटला, तर काम थांबवावे. जमिनीवरच्या पाईपला कोणी अडखळू नये, म्हणून तिथे पाटी लावावी. पाण्याची टाकी गाडीत असेल, तर ती पक्की बांधलेली असावी. ५०० लिटर पाणी म्हणजे ५०० किलो वजन होते, बरं का!

५. आधी वर बघा

आता सर्वांत मोठा धोका. शिडी गेली, पडण्याची भीती गेली. पण पोल वर जातो, तिथे विजेच्या तारा असतात. ॲल्युमिनियममधून वीज वाहते. कार्बनमधूनही वाहते. काचतंतूचा पोल ओला आणि मळका असेल, तर त्याचाही भरवसा नाही. अकरा हजारांची लाइन असेल, तर तारेला पोल टेकावाच लागतो असेही नाही. पोल अगदी जवळ गेला, तरी वीज मधली हवा ओलांडून उडी मारते.

म्हणून पोल उचलण्याआधी वर बघा. इमारतीला एक चक्कर मारा. आजूबाजूला तार दिसली, तर तिथे पोल उभारू नका. मुकादम म्हणेल, "काही होत नाही, कर." त्याला शांतपणे सांगा, "आधी लाइन बंद करून घ्या, मग करतो." एका दिवसाची मजुरी बुडाली, तर पुन्हा मिळवता येते. जीव पुन्हा मिळत नाही.

पोलची पोच चार-पाच मजल्यांपर्यंत असते. त्याहून उंच इमारतीला झुल्यातून किंवा दोरावर लटकून काम करावे लागते. त्याचे शिक्षण निराळे असते. तिथे अंगाला दोन दोर हवेत, आणि ते वेगवेगळ्या जागी बांधलेले हवेत. एक कामाचा, दुसरा जिवाचा. एकाच दोरावर कोणी उतरवत असेल, तर सरळ नाही म्हणा.

आपल्याकडे मोठ्या शहरांत असे पोल आले आहेत. सौर ऊर्जेच्या पाट्या धुवायलाही ते वापरतात. काम मागायला जाल, तेव्हा मजुरी जरूर विचारा. पण त्याबरोबर आणखी तीन गोष्टी विचारा. काम शिडीवरून की जमिनीवरून? आधी शिकवणार कोण? जवळ विजेच्या तारा आहेत का? असे विचारण्यात लाज नाही. अवजाराची माहिती असणे ही कामगाराची ढाल आहे.

प्रश्न

१. बोअरच्या पाण्याचा थेंब वाळल्यावर डाग का राहतो?
२. काच धुण्याआधी चौकट का घासावी?
३. पोल उचलण्याआधी काय बघावे?
४. तुमच्या घरावरून किंवा आंब्याच्या झाडाजवळून तारा जातात का? झेला वापरताना तुम्ही काय काळजी घ्याल? चार ओळी लिहा.