धोटा कोणाच्या हाती? मुंबईच्या गिरण्यांतील स्त्री-पुरुषांची कामे

आपल्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने प्रश्न विचारला होता. "गिरणीत बायकाही कामाला होत्या, मग कापड विणणारी बाई का ऐकिवात नाही?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधता शोधता त्यात दुसरा प्रश्न निघाला, आणि तो आपल्या जास्त जवळचा आहे. स्मरणिकेच्या निमित्ताने दोन्हींचा विचार येथे मांडतो.

डहाणू-तलासरीच्या वाचकांना मुंबईच्या गिरण्या फार दूरच्या वाटू नयेत. त्या काळी आपल्या भागातील गवत मुंबईच्या गोठ्यांसाठी जाई, आणि ते कापणाऱ्या आदिवासी स्त्री-पुरुषांची मजुरी हा 1945 च्या वारली आंदोलनातील मुख्य प्रश्न होता. 500 रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, ही त्यांची मागणी. म्हणजे कोणी काय काम करायचे आणि त्याचा दर कोणी ठरवायचा, हा वाद येथे रानात होता तसाच तिकडे गिरणीत होता.

मुंबईत पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी 1854 मध्ये ताडदेव येथे स्थापन केली. शतक संपता संपता गिरण्यांची संख्या 80 च्या आसपास गेली. परळ, लालबाग, भायखळा हा सारा भाग गिरणगाव झाला. कोकणातून, घाटावरून माणसे आली. त्यात रत्नागिरी, सातारा या बाजूंचे महार समाजातील लोकही मोठ्या संख्येने होते. 1920 च्या दशकात सुमारे दीड लाख कामगारांपैकी साधारण पाचवा हिस्सा स्त्रियांचा होता.

आता कामाची वाटणी पाहू. कापूस पिंजणे, पेळू करणे, रिंग खात्यात सूत कातणे, ताण्याला खळ लावणे आणि मागावर विणणे ही बहुतेक पुरुषांची कामे. स्त्रिया मुख्यतः दोन खात्यांत: वाइंडिंग आणि रीलिंग. वाइंडिंगमध्ये सूत एका बॉबिनीवरून दुसरीवर गुंडाळायचे, रीलिंगमध्ये त्याच्या लडी करायच्या. याखेरीज टाकाऊ कापूस वेचणे, झाडलोट. ही कामे बहुधा उक्त्यावर, म्हणजे जितके सूत तितका पैसा. स्त्रियांवर देखरेख करणारी नायकीण असे, पुरुषांवर जॉबर. नोकरी लावणे आणि काढणे त्यांच्याच हाती, आणि त्याची दस्तुरी द्यावी लागे ती वेगळी. विणकराला सर्वांत चांगला पगार मिळे. लडी करणाऱ्या बाईचा पगार त्याच्या निम्म्याच्याही खाली असे. तोही महिना उलटल्यावर काही दिवसांनी हातात पडायचा, तोवर वाण्याची उधारी चालू. बँकेत खातेवही लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला तर वाटते, त्या घराच्या जमेच्या बाजूला महिनाअखेर काहीच उरत नसेल.

गिरणीबाहेरही स्त्रिया कमावीतच होत्या. गावी कुटुंब ठेवून आलेल्या पुरुषांना दोन वेळचे जेवण घालणाऱ्या खाणावळी बायका चालवीत. दहा-बाय-दहाच्या खोलीत घरचा स्वयंपाक आणि खाणावळवाल्यांचा स्वयंपाक. याची नोंद कोणत्याही मस्टरवर नाही, पण हे जेवण नसते तर गिरणी एक दिवस चालली नसती.

बायका विणखात्यात का नव्हत्या? "ते काम त्यांना झेपत नाही" असे सांगितले जाई. हातमागाच्या घरात कांड्या भरण्यापासून ताणा लावण्यापर्यंत बाईचा हात असतोच, मग यंत्राच्या मागापुढे ती दुबळी कशी ठरली? माझ्या मते कारण पगाराचे होते. चांगला पगार ज्या खात्यात, तेथे आधीच शिरलेले लोक आपले नातेवाईकच आणीत, आणि जॉबरही त्यांच्यातलाच असे.

याच विणखात्याचा दरवाजा आणखी एका वर्गाला बंद होता, तो अस्पृश्य पुरुषांना. येथे कारण झेपण्याचे सांगता येईना, म्हणून धोट्याचे सांगितले गेले. धोट्यातील कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. तो धोटा पुढे दुसऱ्याच्या तोंडाला लागणार, म्हणून विटाळ! विद्यार्थ्यांनी येथे थोडे थांबून विचार करावा. कापूस पिंजला महार कामगाराने, रिंग खात्यात सूत कातले त्याने. तेच सूत धोट्यात आले तेव्हा ते चालले. विणून झालेले कापड देवळातही चालले. फक्त ज्या जागी पगार जास्त, त्या एका जागी विटाळ आडवा आला.

1928 साली एप्रिल ते ऑक्टोबर असा गिरण्यांचा मोठा संप झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला. अस्पृश्यांना विणखाते खुले करण्याची मागणी नसेल, तर आपल्या लोकांना संपात राहा असे कसे सांगावे? पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीने. मालकांशी भांडताना एकजूट आणि मागापाशी सोवळे, हा विरोध बाबासाहेबांनी उघड केला.

त्याच वर्षी जुलैत मुंबई विधिमंडळात गिरणीकामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचे विधेयक आले. बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. हा खर्च बव्हंशी सरकारने सोसावा, पण स्त्रियांना कामावर ठेवण्यात मालकाचा फायदा असतो, म्हणून त्यानेही वाटा उचलला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. कायदा 1929 मध्ये झाला. एकाच वर्षात धोटा आणि बाळंतपण हे दोन्ही प्रश्न त्यांनी हाती घेतले, हे आपल्या भाषणांत क्वचितच सांगितले जाते.

पुढे स्त्रियांची संख्या वाढली का? उलट घटली. मुंबईच्या सुताच्या लडी पूर्वी चीनला जात, तो बाजार जपानी आणि चिनी सुतामुळे हातचा गेला आणि रीलिंग खाते ओस पडले. वाइंडिंगची नवी यंत्रे आली, तिथे कमी हात पुरू लागले. 1930 नंतर रात्रपाळी सुरू झाली, पण स्त्रियांना रात्रीचे काम कायद्याने बंद होते. कायदा त्यांच्या रक्षणासाठी होता, त्याचा उपयोग मात्र त्यांना वगळायला झाला. 18 जानेवारी 1982 ला शेवटचा मोठा संप सुरू झाला, तेव्हा गिरण्यांत बायका अगदीच थोड्या राहिल्या होत्या.

पुढच्या वर्गाला येताना प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील आजी-आजोबांना तीन गोष्टी विचारून याव्यात. त्यांनी कोणते काम केले, ते कोणी लावून दिले, आणि मजुरी कोणाच्या हातात पडली. चिकूच्या वाडीतले काम असो, वीटभट्टीचे असो की फुग्याच्या कारखान्याचे, लिहून आणावे. आजीचे उत्तर आधी लिहावे.