उघडा गंज परवडतो

तुझे फोटो आले, पाहिले, आणि झोपायच्या आधी पुन्हा काढून पाहिले. १९६७ ची फास्टबॅक मस्टँग, ओहायोतल्या मक्याच्या शेतालगतच्या कोठारात कित्येक वर्षं उभी, टायर बसलेले, छतावर पाखरांची घाण. आणि खाली तुझा मेसेज, 'ताई, नाही म्हणू नकोस.' अगं, नाही म्हणणारच नाहीये मी. या गाड्या जीव कसा ओढून घेतात ते डेट्रॉइटजवळ इतकी वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको. पण शनिवारी विसार घेऊन निघायच्या आधी माझं शांतपणे ऐकून घे. विकणाऱ्यासमोर हे बोलता येणार नाही, म्हणून आत्ताच सांगते.

दिसणाऱ्या गंजाला घाबरू नकोस. न दिसणाऱ्याला घाबर. तुझ्या फोटोत दाराखालचा पत्रा खाल्लेला आहे, मागच्या चाकावरची कड गेलीय, आणि मला ते मुळीच खटकलं नाही. अजून कुणी त्यावर रंग फासलेला नाही याचं बरंच वाटलं. हीच गाडी कुणी चकचकीत लाल करून, पोटाखाली ताजं काळं कोटिंग फवारून दुप्पट भावात पुढे केली असती, तर तिथून सरळ घरी ये म्हटलं असतं मी. जुन्या गाडीच्या पोटाखालचं ताजं कोटिंग दिसलं की समजायचं, खाली काहीतरी झाकलंय.

इथल्या गाड्या सडतात त्या मिठानं. हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात तेच. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची मोठी खाण आहे आणि तिचं मीठ याच कामाला जातं. ज्या शहरानं या गाड्या घडवल्या, त्याच्याच जमिनीतलं मीठ त्यांना खातं, याचं मला अजून वाईट वाटतं. ॲरिझोनासारख्या कोरड्या भागातल्या गाडीचा डॅशबोर्ड उन्हानं तडकलेला असतो, सीट फाटलेल्या असतात, रबरांचा भुगा झालेला असतो, पण पत्रा ठणठणीत असतो. सीट आणि रबर विकत मिळतात. म्हणून तुझ्या कोठारातल्या गाडीचं आतलं अंग खाल्लेलं निघालं, तर तिकडची गाडी ट्रेलरवर मागवणंही पुष्कळदा स्वस्त पडतं. ही एकच मस्टँग जगात आहे असं मनात धरू नकोस. १९६७ या एका सालात ४,७२,००० हून जास्त मस्टँग बनल्या, आणि त्यातल्या ७१,००० च्या आसपास फास्टबॅक होत्या.

आता नीट लक्ष दे. मस्टँगला ट्रकसारखी वेगळी चासी नसते. तळाचा पत्रा, बाजूच्या पोकळ पट्ट्या, पुढचे दोन शॉक टॉवर हे सगळं एकमेकांना जोडून एक पेटी होते आणि सगळा भार ती पेटी घेते. त्यामुळे तळ सडला म्हणजे गाडीची हाडंच सडली. बघायचं ते तिथे.

त्यातही सगळ्यात आधी काउल. समोरच्या काचेच्या खाली, बॉनेटच्या मागे जाळीसारख्या फटी दिसतात ना, त्यांच्या आत पत्र्याची एक बंद पेटी आहे. पाऊस त्या फटींतून आत जातो आणि दोन्ही टोकांनी पुढच्या चाकांच्या मागून खाली वाहून जातो, अशी ती योजना. पेटीत दोन्ही बाजूंना हवा आत यायची भोकं आहेत आणि त्यांच्याभोवती उभ्या कडा आहेत. वर्षानुवर्षं पाला साचतो, ओल धरते, आणि त्या कडा मुळापासून गंजतात. मग पाणी बाहेर न जाता तुझ्या पायांवर पडतं आणि तळ खाऊन टाकतं. लोक तळाचा नवा पत्रा जोडतात, रंग देतात, गाडी विकतात, आणि काउल तसंच गळत राहतं. काउल दुरुस्त करायचं तर पुढचे फेंडर काढा, डॅशबोर्ड मोकळा करा, एकेक स्पॉट वेल्ड ड्रिलनं सोडवा, पुन्हा वेल्ड मारा. रंगापेक्षाही या कामानं लोक टेकीला येतात.

म्हणून बरोबर पाण्याचा एक मोठा जग आणि चांगला टॉर्च ने. आतला गालिचा उचलून ठेव. तू ड्रायव्हरच्या बाजूनं उताणी आत शीर, डोकं डॅशखाली, आणि सोबत येईल त्याला वरून फटींत सावकाश पाणी ओतायला सांग. आधी डावीकडे, मग उजवीकडे. उजवीकडे हीटरच्या डब्याभोवती बघ. थेंब आला तर गाडी सोडून द्यायलाच हवी असं नाही, पण भाव त्या थेंबाप्रमाणे ठरायला हवा. विकणारा पाणी ओतू देत नसेल, तर तुला हवं ते उत्तर मिळालं.

मग कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक हळूहळू पत्र्यावरून फिरव. जिथे ते धरत नाही तिथे खाली जाड लांबी भरलेली आहे. डिकीतली चटई उचलून खालचा पत्रा बघ. पुढे उजवीकडे बॅटरी बसते तिच्याखालचाही बघ, कारण ॲसिड तिथेच सांडतं. तळावर स्क्रूड्रायव्हरची मूठ ठोकून आवाज ऐक. दार उघडून दोन्ही हातांनी वर उचल आणि बिजागरी किती झिजलीय ते बघ. मग बंद करून भोवतीची फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते बघ. फट एकीकडे मिटत आणि दुसरीकडे उघडत असेल तर पेटी वाकलेली असू शकते.

तो म्हणतो की ही ३९० इंजिनाची जीटी आहे. असेलही, पण त्याच्या शब्दावर पैसे मोजू नकोस. बॉनेट उघड. डाव्या बाजूला शॉक टॉवरजवळच्या आतल्या पत्र्यात गाडीचा नंबर ठोकलेला असतो, तो पुसून वाच. ६७ साली तो काचेतून दिसत नसे, म्हणून इथेच बघायचा. पहिला आकडा ७, म्हणजे साल. मग कारखान्याचं अक्षर, एफ म्हणजे आमच्याकडचं डिअरबॉर्न, आर म्हणजे कॅलिफोर्नियातलं सॅन होजे, टी म्हणजे न्यू जर्सीतलं मेटचन. त्यापुढे ०२ हवं, ती फास्टबॅकची खूण. त्यानंतरचं अक्षर इंजिनाचं. एस असेल तरच ती ३९०. सी असेल तर २८९ क्युबिक इंचांचं साधं व्ही-८, आणि टी असेल तर सहा सिलिंडरची गाडी. मागाहून कुणी काहीही इंजिन बसवलं असो, ते अक्षर बदलत नाही. दाराच्या कडेवर जी पत्र्याची पाटी असते ती मात्र नवी बनवून मिळते, तिच्यावर एकटीवर विसंबू नकोस.

जीटी आहे की नाही हे नंबरवरून कळतच नाही, कारण जीटी हा जास्तीचे पैसे देऊन घ्यायचा संच होता. त्यासाठी मार्टी रिपोर्ट मागव. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांच्या उत्पादनाच्या नोंदी त्या मार्टी नावाच्या कंपनीकडे आहेत. नंबर दिला की गाडी कारखान्यातून कुठल्या रंगात, कुठल्या सामानानिशी निघाली ते छापून येतं. विकणाऱ्याकडून नंबरचा फोटो मागवून मला शुक्रवारीच पाठव, रिपोर्ट मी मागवते.

आणि खरं सांगू? ती सी निघावी असं मला वाटतं. कागदावर ३९० ची ताकद ३२० अश्वशक्ती आणि २८९ ची २००, हे मला ठाऊक आहे. पण ३९० त्या छोट्या बॉनेटखाली इतकं दाटून बसतं की प्लग बदलतानाही हात सोलतात. २८९ हलकं आहे, त्याचे सुटे भाग स्वस्त, आणि ते उघडून बसवायला शिकवणारा माणूस कुठल्याही गावात सापडतो. पहिल्या गाडीवर हात बसवायला त्यासारखं इंजिन नाही. जीटीचा मान हवा असणाऱ्यांनी जीटीचे पैसे द्यावेत.

'चालू करून दाखवतो' म्हणाला तर हात धर त्याचा. इतकी वर्षं उभ्या गाडीतल्या पेट्रोलचा राळेसारखा चिकट गाळ होतो आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात. बॅटरी लावून स्टार्टर मारला की रिंगा ओरखडे काढतात, नाहीतर मोडतात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये तेल सोडायचं, मुरू द्यायचं, मग पुढच्या पुलीच्या बोल्टला लांब पाना लावून हातानं फिरवून बघायचं. फिरलं तर आनंद, नाही फिरलं तरी रडू नकोस. इंजिन उघडावं लागणार हे धरूनच भाव कर. इंजिनाचा खर्च आधी अंदाजता येतो, पत्र्याचा नाही.

सीटखाली उंदरांची घरटी असणारच. ती झाडू नकोस. इथल्या रानउंदरांच्या लेंड्यांतून हंता विषाणू हवेत उडतो आणि फुप्फुसांत जातो. दारं उघडून बराच वेळ हवा खेळू दे, मास्क आणि हातमोजे घाल, ब्लीचचं पाणी मारून सगळं भिजव आणि मगच उचल.

सामानाची मोजदाद कर. काचेभोवतीच्या चकचकीत पट्ट्या, ग्रिलवरचा घोडा, मीटर, दारांचे कडीकोयंडे, सीटच्या यंत्रणा. सुटं केलेलं सामान खोक्यांत असेल तर प्रत्येक खोकं उघडून बघ. मस्टँगचं सुदैव असं की तिचा जवळजवळ प्रत्येक भाग नवा बनवून मिळतो. डायनाकॉर्न नावाची कंपनी तर ६७ च्या फास्टबॅकचा अख्खा नवा सांगाडाच विकते. एएमसी जॅव्हलिनसारख्या गाडीची एक पट्टी शोधताना लोकांची वर्षं जातात. तू मस्टँग निवडलीस याचा मला म्हणूनच आनंद आहे. तरीही हरवलेली प्रत्येक गोष्ट पैसे मागते, आणि छोट्या गोष्टींचीच बेरीज मोठी होते.

'बुलिट' सिनेमातली ६८ ची मस्टँग २०२० साली लिलावात ३७ लाख डॉलरच्या वर गेली, हे तू मला उत्साहानं सांगितलंस. ती गाडी एका कुटुंबानं १९७४ मध्ये ६,००० डॉलरला घेतली होती आणि ती विकली गेली तेव्हा तिला नवा रंगही दिलेला नव्हता. तिची किंमत तिच्या इतिहासाची होती. तुझ्या गाडीवर नफा होईल असं धरून एक डॉलरही टाकू नकोस. गॅरेजवाल्याचा एक तास १०० डॉलरच्या पुढे जातो आणि अशा गाडीत हजार तास सहज मुरतात. घातलेले पैसे बहुधा परत येत नाहीत. सिनेमाकडून घ्यायचंच असेल तर एवढं घे, जे मूळचं आहे आणि टिकण्यासारखं आहे ते उगाच घासून टाकू नकोस.

कागद. तू म्हणालीस गाडी आजोबांची आणि विकतोय नातू. मग टायटल कुणाच्या नावावर आहे? आजोबा गेले असतील आणि कागद अजून त्यांच्याच नावावर असेल, तर नातवाला आधी वारसाचं काम पुरं करू दे. ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर लागते. दोघं मिळून काउंटीच्या टायटल ऑफिसात जा, नाव तिथेच बदला आणि पैसे तिथेच द्या. टायटलवरचा नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळव. 'टायटल नंतर पाठवतो' हे वाक्य कानावर आलं की पर्स बंद.

आता घरचं. नवऱ्याला तू निम्माच आकडा सांगणार आहेस, हे मला तुझ्या आवाजावरून कळलं. तसं करू नकोस. गाडीची किंमत, ट्रेलर, वेल्डिंग, रंग, विमा, सगळं एका कागदावर लिही, खाली येईल त्या बेरजेत आणखी निम्मी मिळव आणि तो कागद त्याच्यापुढे ठेव. तो दोन दिवस रुसेल, पण नंतर प्रत्येक खोक्याची पावती लपवत बसण्यापेक्षा ते बरं. माझ्या ओळखीतल्या घरांत भांडणं गाडीवरून झाली नाहीत, लपवलेल्या पावत्यांवरून झाली. आईलाही सांग. ती 'आहे ती गाडी चालत नाही का' म्हणेल, आणि पुढच्या रविवारी फोटो मागेल.

आणि तुझी चिमणी. तिची सायकल ज्या गॅरेजमध्ये असते तिथेच तू ही गाडी घासणार आहेस. त्या काळच्या रंगात शिसं आहे, ब्रेकच्या पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. कोरडं घासायचं नाही, ब्रेकवर हवेचा फवारा मारायचा नाही, कामाचे कपडे घरात आणायचे नाहीत. काम सुरू असेपर्यंत ते दार तिच्यासाठी बंद. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तू कधीही जायचं नाहीस, आधी खाली स्टँड लावायचे. यावर मला वचन हवंय.

मी शुक्रवारी रात्री गाडी काढून तुझ्याकडे येतेय. लोहचुंबक आणि टॉर्च माझे, जग तू घे, जुने कपडे घाल. तिथे पोचल्यावर पहिला अर्धा तास भावाचं बोलायचं नाही, आधी काउल बघायचं. पाणी मी ओतेन.