साडेतीन तासांचं अंतर आणि वडगावचा भोंगा

रात्रीचे पावणेएक. निशी-कसाईतल्या आमच्या इमारतीसमोरच्या बहुतेक खिडक्या काळोख्या झालेल्या असतात आणि नेमका तेव्हा माझा फोन थरथरू लागतो. साताऱ्यात सव्वानऊ वाजलेले असतात. जेवणं आटोपून फॅमिली ग्रुपवर मंडळी आत्ता कुठे रंगात आलेली असतात. दोन मिनिटं बघून ठेवतो, असं म्हणून उचललेला फोन दीड वाजता खाली ठेवला जातो. तोवर मी ग्रुपवरून रील्सवर आणि तिथून कुणाच्या तरी बारशाच्या फोटोंवर पोहोचलेलो असतो.

भारत आणि जपान या दोन्ही देशांत घड्याळं ऋतूप्रमाणे पुढंमागं होत नाहीत, त्यामुळे हे साडेतीन तासांचं अंतर बारा महिने पक्कं. 2000 च्या आसपास वाय-टू-केच्या कामांमुळे भारतीय इंजिनिअर इथे येऊ लागले, ओतेमाचीला थेट नेणारी तोझाई लाइन सोयीची म्हणून या भागात स्थिरावले. तेव्हा घरी फोन करायचा तर तो आठवड्यातून एकदा, कार्ड विकत घेऊन. आता घर चोवीस तास खिशात असतं, पण त्याची गजबजलेली वेळ आपल्या झोपेच्या वेळेवर येऊन बसते.

मी एक आठवडा साध्या वहीत नोंद ठेवली: फोन कधी उचलला, कशासाठी, कधी ठेवला. गंमत म्हणजे सकाळच्या गाडीतलं स्क्रोलिंग अगदी निरुपद्रवी निघालं. पंधराएक मिनिटांत ओतेमाची येतं आणि फोन आपोआप खिशात जातो. रात्री ओतेमाची येतच नाही.

पूर्वी वेबपानाच्या तळाशी ‘पुढील पान’ असं काहीतरी असायचं. तिथं क्षणभर थांबावं लागे आणि तेवढ्यात उठावंसंही वाटे. 2006 मध्ये एझा रास्किन यांनी तळच नसलेल्या पानाची कल्पना मांडली. पुढे त्यांनीच तिच्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. पण थांबा नाहीसा झाला एवढ्यानं बोट का हलत राहतं, याचं उत्तर त्याहून जुनं आहे. फर्स्टर आणि स्किनर यांनी 1957 मध्ये कबुतरांवरच्या प्रयोगांचा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. ठरावीक टोचांनंतर दाणा मिळत असेल, तर दाणा मिळाल्यावर कबूतर थोडं विसावतं. दाणा कधी तिसऱ्या टोचीला, कधी तिसाव्या टोचीला मिळत असेल, तर ते जवळजवळ न थांबता टोचत राहतं. ग्रुपवरचे वीस मेसेज म्हणजे ‘शुभ रात्री’ची फुलं आणि एकविसावा भाचीचा नाचतानाचा व्हिडिओ. हे वेळापत्रक तसलंच आहे.

वुल्फ्राम शुल्ट्झ यांनी 1990 च्या दशकात माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे संदेश मोजले. अनपेक्षित रस मिळाला की या पेशी जोरात चेतत. रसाआधी दिव्याची खूण मिळते हे माकड शिकल्यावर मात्र त्या खुणेलाच चेतत, रस मिळताना नाही. म्हणजे फोन थरथरला की उत्सुकता तेव्हाच उसळते. मेसेज वाचून फार आनंद होतोच असं नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलेलं आहे.

निळ्या उजेडाला मात्र आपण जरा जास्तच दोष देतो, असं माझं मत आहे. अमेरिकेत बारा जणांवर झालेल्या एका प्रयोगात झोपण्यापूर्वी सुमारे चार तास छापील पुस्तकाऐवजी आयपॅडवर वाचल्यानं मेलाटोनिन घटलं हे खरं, पण झोप लागायला उशीर झाला तो साधारण दहा मिनिटांचा. माझी पाऊण तास झोप गेली ती उजेडामुळे नव्हे, ग्रुप जागा होता म्हणून.

आता सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात चला. मोहित्यांचे वडगाव इथे 2022 पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावानं टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचे, असं गावानंच ठरवलं. कोविडच्या काळात मुलांच्या हाती आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटेना, म्हणून हा उपाय. यात ‘किती वेळ’ हे मोजायचं नसतं, ‘कधी’ एवढंच पाळायचं असतं. शिवाय सगळं गाव एकदम थांबल्यावर नवा मेसेज टाकणारंच कुणी उरत नाही, त्यामुळे कबुतराचा दाणाही बंद.

आइची प्रांतातल्या तोयोआके शहरानंही 1 ऑक्टोबर 2025 पासून काम-अभ्यासाव्यतिरिक्त दिवसाला दोन तास, अशी मार्गदर्शक मर्यादा सर्व नागरिकांसाठी लागू केली. दंड नाही. दोन तास हा आकडा कशावरून, यावर वाद घालता येईल. पण लहान शाळकरी मुलांनी रात्री नऊनंतर आणि मोठ्यांनी दहानंतर फोन टाळावा, हा त्यातला भाग मला अधिक कामाचा वाटतो. जपानी मुलांना अशा खुणेची सवय आहेच. आपत्तीच्या इशाऱ्यासाठी लावलेल्या कर्ण्यांवर अनेक गावा-शहरांत संध्याकाळी एक धून वाजते आणि मैदानावरची मुलं घराकडे वळतात.

आमची अडचण वेगळी होती. आई-बाबा पंच्याहत्तरीच्या पुढचे, तेव्हा फोन बंद करून झोपणं मनाला पटत नाही. इथं तर भूकंपाचा इशाराही फोनवरच येतो. म्हणून फोन बंद न करता ‘डू नॉट डिस्टर्ब’वर टाकला. आई, बाबा आणि शेजारचे काका, या तीन नंबरांचे कॉल तेवढे वाजतात, मेसेज वाजत नाहीत. (इशाऱ्यांची सेटिंग एकदा तपासून घ्या, प्रत्येक फोनमध्ये ती सारखी नसते.) फोनचा मुक्काम स्वयंपाकघरात, आवाज पूर्ण मोठा. मग ग्रुपवर लिहिलं: आमचे रात्रीचे साडेदहा, म्हणजे तुमचे सात. त्यानंतर महत्त्वाचं असेल तर सरळ फोन करा.

साडेदहा ही वेळ मी माझ्या झोपेवरून ठरवली होती. वडगावचा भोंगाही भारतीय वेळेनुसार नेमका तेव्हाच वाजतो, हे नंतर लक्षात आलं आणि ते मी ग्रुपवर सांगून बसलो. पहिले चार-पाच दिवस हात चुळबुळत स्वयंपाकघराकडे जायचा. बाबांना मी रागावलोय असंच वाटलं. म्हणून रविवारचा व्हिडिओ कॉल ठरवला, आमचा दुपारी दीड, त्यांचे सकाळी दहा. हवा बरी असली तर आम्ही तो ग्योसेन पार्कातून करतो, कारण नातीपेक्षा तिथल्या प्राणिसंग्रहालयातली माकडं आजोबांना जास्त बघायची असतात.

आता साताऱ्यात सात वाजायला पाच मिनिटं असताना काकूचा मेसेज येतो: “भोंगा व्हायचाय, जपानवाल्यांना काय सांगायचंय ते पटकन सांगा.” मग पाच मिनिटांत सात-आठ मेसेज येऊन पडतात, आणि त्यांतले दोन-तीन खरोखर कामाचे असतात.