एका माणसाचे गाव : मोनोवाय
(भूगोल – इयत्ता आठवी ते दहावीसाठी पूरक वाचन)



लोकसंख्येचा धडा शिकताना आपल्यासमोर नेहमी मोठे आकडे येतात. कोटी, अब्ज, दर चौरस किलोमीटरला इतकी माणसे. त्या शून्यांमध्ये माणूस हरवून जातो. म्हणून आज उलट्या टोकाने सुरुवात करू. २०१० च्या जनगणनेत ज्याची लोकसंख्या फक्त १ भरली, अशा गावाची ओळख करून घेऊ. गावाचे नाव मोनोवाय. ते अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नेब्रास्का राज्यात, बॉईड परगण्यात आहे.

स्थान व विस्तार

नकाशाची वही उघडा. अमेरिकेच्या नकाशावर बरोबर मधोमध बोट ठेवले की ते नेब्रास्काच्या आसपास पडते. मोनोवाय सुमारे ४२° ५०' उत्तर अक्षांश आणि ९८° २०' पश्चिम रेखांशावर आहे. आपल्या प्रमाणवेळेचे रेखावृत्त ८२° ३०' पूर्व. दोन्हींची बेरीज करून पाहा, जवळजवळ १८१° येते. म्हणजे मोनोवाय रेखांशाच्या दृष्टीने आपल्या जवळजवळ बरोबर विरुद्ध बाजूस आहे. आपली मधली सुट्टी होते तेव्हा तिथे मध्यरात्र असते.

गावाचे क्षेत्रफळ अवघे ०.५४ चौरस किलोमीटर. साधारण पाऊण किलोमीटर बाजूचा चौरस कल्पा. भराभर चालल्यास अर्ध्या-पाऊण तासात गावाला प्रदक्षिणा पूर्ण होईल. उत्तरेस मिसूरी आणि दक्षिणेस नायोब्रारा, अशा दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात हे गाव वसले. नायोब्रारा पुढे पूर्वेला जाऊन मिसूरीला मिळते.

भूरचना, हवामान, व्यवसाय

हा प्रेअरी गवताळ प्रदेश. लाटांसारखे उंचसखल माळ, झाडे बहुतेक ओढ्यानाल्यांच्या काठी. समुद्र फार दूर असल्याने हवामान विषम आहे. हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली जातो, बर्फ साचते. उन्हाळा मात्र कडक. साधारण १००° पश्चिम रेखावृत्ताच्या पलीकडे पाऊस कमी होत जातो, आणि हे गाव त्या सीमेच्या जरासे अलीकडे आहे. त्यामुळे बरी वर्षे आणि कोरडी वर्षे अशी उलटापालट ठरलेलीच. गुरेपालन, चारा आणि मका ही तिथल्या शेतीची मुख्य अंगे. नद्यांचाही लहरीपणा आहे. मार्च २०१९ मध्ये बर्फाचे प्रचंड तुकडे घेऊन आलेल्या पुराने नायोब्रारावरील स्पेन्सर धरण फोडले.

गाव कसे वसले?

या भूमीवर मूळची वस्ती पोंका या आदिवासी जमातीची. १८७७ साली सरकारने पोंकांना त्यांच्या गावांतून उठवून दूर दक्षिणेला हलविले. त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर परत आला म्हणून त्याला अटक झाली. १८७९ मध्ये ओमाहा येथील न्यायालयाने निकाल दिला की, कायद्याच्या अर्थाने आदिवासीही ‘व्यक्ती’च होय. ‘माणूस म्हणून मोजले जाणे’ ही गोष्ट किती मोलाची असते, हे या खटल्यावरून समजते.

१८६२ च्या वसाहत कायद्याने १६० एकर सरकारी जमीन पाच वर्षे कसणाऱ्याला नावावर मिळू लागली होती. तीतून शेतकरी कुटुंबे पश्चिमेकडे सरकली. १९०२ मध्ये रेल्वेमार्ग येथवर आला, त्याच वर्षी मोनोवायचे टपाल कार्यालय उघडले आणि गाव उभे राहिले. परिसरातील रानफुलांवरून, एका आदिवासी भाषेतील ‘फूल’ या अर्थाच्या शब्दाने गावाचे नाव पडले असे सांगतात.

लोकसंख्येचा आलेख

आता जनगणनेचे आकडे पाहा :

१९१० – १०९
१९२० – १००
१९३० – १२३
१९४० – ९९
१९५० – ६७
१९६० – ४०
१९७० – १६
१९८० – १८
१९९० – ६
२००० – २
२०१० – १

गावाची घसरण चालू असताना राज्य मात्र वाढत होते, हे लक्षात घ्या. नेब्रास्काची लोकसंख्या १९३० मध्ये सुमारे १३ लाख ७८ हजार होती, ती २०२० मध्ये १९ लाख ६१ हजारांवर गेली. त्यांपैकी ४ लाख ८६ हजार एकट्या ओमाहा शहरात. उलट बॉईड परगणा १९१० मध्ये ८,८२६ होता, तो २०२० मध्ये १,८१० वर आला. माणसे नाहीशी झाली नाहीत, त्यांनी जागा बदलली.

का बदलली? पहिले कारण शेतीतच आहे. १९३० च्या दशकातील दुष्काळ आणि मंदीने लहान शेतकरी मोडला. मग ट्रॅक्टर आणि मळणीयंत्रे आली. पूर्वी दहा कुटुंबे करीत ते काम एक कुटुंब करू लागले. १९३५ च्या सुमारास अमेरिकेत ६८ लाख शेते होती आणि सरासरी शेत सुमारे १५५ एकरांचे होते. २०२२ मध्ये शेते १९ लाखच उरली, सरासरी ४६३ एकरांची. शेत मोठे झाले की शेजार कमी होतो. शेजार कमी झाला की दुकान चालत नाही.

दुसरे कारण दळणवळणाचे. ज्या रेल्वेने गाव आणले, ती पुढे बंद पडली. मोटारीमुळे लोक दूरच्या मोठ्या गावी बाजाराला जाऊ लागले. चर्चमधील शेवटचा अंत्यविधी १९६० चा. टपाल कार्यालय १९६७ मध्ये बंद झाले, शाळा १९७४ मध्ये.

मतदारही तेच, सरपंचही तेच

२००० सालच्या जनगणनेतील दोघे म्हणजे एक वृद्ध दांपत्य. २००४ मध्ये पती वारले आणि पत्नी एकट्या राहिल्या. मोनोवाय कायद्याने नोंदलेले स्वतंत्र गाव असल्यामुळे त्याच गावच्या प्रमुख, चिटणीस आणि खजिनदार झाल्या. गावातील खानावळही त्याच चालवीत. मद्यविक्रीचा परवाना स्वतःच स्वतःला द्यायचा, कर स्वतःवर बसवायचा आणि त्यातून रस्त्यावरचे चार दिवे जळते ठेवायचे! रस्त्यांसाठी राज्याचा निधी मिळावा म्हणून दरवर्षी आराखडाही पाठवायचा. ऐकताना हसू येते; पण हे कागद भरले गेले नाहीत तर गाव कायद्याच्या दृष्टीने संपते.

पतीला वाचनाची फार आवड. त्यांची सुमारे पाच हजार पुस्तके एका छोट्या इमारतीत मांडून पत्नीने त्यांच्या नावाचे ग्रंथालय सुरू केले. आसपासच्या गावांतील लोकांसाठी ते खुले झाले.

२०२० चे कोडे

२०२० च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या २ अशी जाहीर झाली. गावात दुसरे कोणी राहायला आलेच नव्हते! मग हा दुसरा माणूस कोण?

अमेरिकेत कायद्याने प्रत्येकाची वैयक्तिक माहिती ७२ वर्षे गुप्त ठेवावी लागते. एकाच माणसाच्या गावाची ‘सरासरी’ छापली तर ती सरळ त्या व्यक्तीचीच माहिती ठरते. म्हणून जनगणना खात्याने लहान जागांच्या आकड्यांत गणिती पद्धतीने मुद्दाम थोडी भर-घट केली. राज्यांच्या एकूण लोकसंख्येत मात्र काही बदल केला नाही. मोठ्या शहरात अशी एकाची भर कोणाला जाणवणार नाही. येथे तिने गाव दुप्पट केले.

यातून एक धडा घ्या. संख्या लहान असेल तेव्हा टक्केवारीवर विसंबू नका. २००० ते २०१० मध्ये घट ५० टक्के आणि पुढच्या दशकात वाढ १०० टक्के! मुळात फरक एकाच माणसाचा.

पालक व विश्वस्तांसाठी दोन शब्द

वरील सनावळी पुन्हा एकदा पाहावी. शाळेला कुलूप लागले ते १९७४ मध्ये. तेव्हा गावात पंधरा-सोळा माणसे होती. शाळा बंद होण्याचे कारण घटलेली मुले, हे खरे. पण शाळा गेल्यावर मुले असलेले कुटुंब त्या गावी कशाला येईल? कारण आणि परिणाम असे एकमेकांच्या मागे फिरत राहतात. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या मराठी शाळा चालविणाऱ्या आपल्याला हे वेगळे सांगायला नको. पटावरचे प्रत्येक नाव ही आपल्यासाठी टक्केवारी नाही. आणि त्या एकट्या बाईंनी कर भरून दिवे चालू ठेवले, हेही विसरू नये.

स्वाध्याय

१. वरील आकड्यांवरून रेषालेख काढा. १९६० ते १९७० मधील घट किती टक्के?
२. बॉईड परगण्याचे क्षेत्रफळ सुमारे १,४०० चौ. किमी. आहे. २०२० ची घनता काढा. मोनोवायची २०१० ची घनताही काढा. कोणती जास्त आली? असे का झाले असावे?
३. अमेरिकेत जनगणना शून्याने संपणाऱ्या वर्षी होते (पहिली १७९०). भारतात १८८१ पासून २०११ पर्यंत ती कोणत्या वर्षी होत आली?
४. आजी-आजोबांना विचारा : आपले मूळ गाव कोणते? तेथील शाळा आणि टपाल कार्यालय आज चालू आहे का? दहा ओळी लिहून वर्गशिक्षकांकडे द्या.